एडिसनची बॅटरी आणि भिंतीवरची पेटी

१८६७ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या तार कार्यालयात वीस वर्षांचा एक तरुण रात्रपाळी करत असे. रात्रपाळी त्याने मुद्दाम मागून घेतली होती, कारण रात्री तारा कमी येत आणि मधल्या वेळात त्याला स्वतःचे प्रयोग करता येत. एका रात्री तो शिसे आणि आम्लाच्या बॅटरीशी खटपट करत असताना सल्फ्युरिक आम्ल जमिनीवर सांडले. जमीन लाकडी फळ्यांची होती. फटींतून आम्ल खाली झिरपले आणि खालच्या मजल्यावर असलेल्या वरिष्ठांच्या टेबलावर ठिबकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तरुणाची नोकरी गेली.

हा तरुण म्हणजे थॉमस अल्वा एडिसन. विजेचा दिवा म्हटले की त्याचे नाव आठवते. पण दिव्यासाठी त्याने जितकी वर्षे खर्च केली, त्याहून कितीतरी जास्त वर्षे त्याने एका बॅटरीसाठी खर्च केली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ती बॅटरी विजेवर चालणाऱ्या मोटारीसाठी होती. आज पार्किंगच्या भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवताना जे प्रश्न पडतात, त्यांतले बरेचसे एडिसनच्या आयुष्यात येऊन गेलेले आहेत. काहींची उत्तरे त्याला सापडली. काहींची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

रेल्वेतला पोऱ्या

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातल्या मिलान गावी झाला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनला गेले. शाळेत तो फार थोडे दिवस टिकला. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती, तिने त्याला घरीच शिकवले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट रेल्वेत वर्तमानपत्रे आणि गोळ्या विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली होती. तिथे एकदा आग लागली आणि प्रयोगशाळेला डब्याबाहेरची वाट दाखवण्यात आली.

लहानपणापासून त्याला कमी ऐकू येत असे. बालपणी झालेला स्कार्लेट फीव्हर आणि वारंवार होणारा कानाचा संसर्ग ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात कान वाहणे, पडदा फाटणे आणि ऐकू येणे कमी होत जाणे हे नेहमीचे होते. वय वाढले तसे त्याचे बहिरेपण वाढत गेले.

१८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून ओढून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून मुलाच्या वडिलांनी त्याला तारायंत्र शिकवले. त्या काळी तारायंत्राची वीज बॅटऱ्यांतून येत असे. काचेच्या भांड्यांत आम्ल, त्यात धातूच्या पट्ट्या, ही त्याची वीजविद्येतली पहिली शाळा. लुईव्हिलला सांडलेले आम्ल त्याच शाळेतले होते.

दिव्यामागची व्यवस्था

१८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क येथे त्याने प्रयोगशाळा उभारली. १८७७ मध्ये फोनोग्राफ आला. ऑक्टोबर १८७९ मध्ये कार्बन झालेल्या धाग्याचा दिवा तेरा तासांहून अधिक वेळ जळला. दिवे बनवण्याचे प्रयत्न इतरांनीही केले होते. एडिसनचे वेगळेपण असे, की नुसता दिवा उपयोगाचा नाही हे त्याने फार लवकर ओळखले. दिवा घरात लावायचा तर वीजघर हवे, रस्त्याखालून तारा हव्यात, घरात वळवून बंद-चालू करता येईल अशी कळ हवी, दिवा बसवायला सॉकेट हवे आणि बिल आकारण्यासाठी मीटर हवा.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीट येथे त्याचे वीजघर सुरू झाले. घरांत आणि कचेऱ्यांत सुमारे ११० व्होल्टची वीज खेळू लागली. मीटर तर अजबच होता. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. जितकी वीज वापरली जाई, तितके जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जाई. कंपनीचा माणूस दर महिन्याला पट्ट्या नेऊन त्यांचे वजन करी आणि त्यावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरमध्येच एक दिवा ठेवलेला असे. दिवा बसवण्याचे फिरकीचे सॉकेट मात्र आजही जगभर त्याच्याच नावाने ओळखले जाते.

या व्यवस्थेत एक छोटी पण मोलाची गोष्ट होती, ती म्हणजे फ्यूज. तारेतून प्रमाणाबाहेर वीज वाहू लागली की चटकन वितळणारा धातूचा तुकडा आधी वितळतो आणि प्रवाह तुटतो. तार तापून घराला आग लागण्याआधीच वीज बंद होते. घरात आणलेल्या विजेला लगाम हवा, हे एडिसनला पहिल्या दिवसापासून कळले होते.

तरीही एक गोष्ट त्या लगामातून निसटली. पर्ल स्ट्रीटचे वीजघर सुरू झाल्यानंतर एके दिवशी एक पोलीस धावत आला. जवळच्या एका चौकात घोडे उधळत होते. रस्त्याखालच्या एका जोडपेटीतून वीज गळत होती. वरचा मातीचा पातळ थर ओला होता आणि त्यातून ती पसरत होती. नाल ठोकलेला घोडा तिथे पाय टाकताच त्याला जबर झटका बसे. बघ्यांची ही गर्दी जमली. पुढे एडिसन हा किस्सा हसत सांगत असे. वैद्यकाच्या नजरेतून मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गळणारी वीज फ्यूज वितळवण्याइतकी मोठी नसते, पण जिवंत प्राण्याला झटका द्यायला पुरेशी असते. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. हा फरक पुरता उमगून त्यावर घरगुती उपाय निघायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षे जावी लागली.

दोन प्रवाहांचे भांडण

एडिसनची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी होती. तिची अडचण अशी, की कमी दाबाची ही वीज वीजघरापासून दीड-दोन किलोमीटरच्या पुढे परवडत नसे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने दुसरा मार्ग धरला. एसी, म्हणजे सेकंदाला अनेकदा दिशा बदलणारी वीज ट्रान्सफॉर्मरने वाढवता येते, लांबवर नेता येते आणि घराजवळ पुन्हा कमी करता येते. निकोला टेस्लाच्या मोटरने १८८८ मध्ये एसीला आणखी बळ दिले.

एडिसनने एसी धोकादायक असल्याचा प्रचार सुरू केला. १८८८ मध्ये त्याच्या वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत हॅरल्ड ब्राऊन नावाच्या इंजिनिअरने कुत्री, वासरे आणि एक घोडा यांना एसीने मारून दाखवले. त्यातूनच विजेच्या खुर्चीची कल्पना पक्की होत गेली. ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केमलर या कैद्याला वेस्टिंगहाऊसच्या जनित्राच्या एसीने मृत्युदंड देण्यात आला. पहिल्या झटक्यात तो मेला नाही, वीज दुसऱ्यांदा सोडावी लागली. एडिसनच्या चरित्रातले हे सर्वांत काळे पान आहे.

त्याचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने अगदीच चूक होते का? अर्धे खरे होते. घरगुती एसी सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तने करते आणि नेमकी हीच गती हृदयाला घातक ठरते. छातीतून गेलेल्या अशा प्रवाहाने हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन-प्रसरण सोडून नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. असा परिणाम घडवायला डीसी प्रवाह एसीच्या काही पट मोठा लागतो. हाताच्या स्नायूंवरही एसी वाईट परिणाम करते. मूठ आवळली जाते आणि धरलेली तार सोडता येत नाही. पण डीसी निरुपद्रवी आहे, हा एडिसनचा अर्धा दावा खोटा होता. जास्त दाबाची डीसी खोल भाजते, हृदयही बंद पाडू शकते आणि तिची ठिणगी एसीच्या ठिणगीसारखी चटकन विझत नाही. धोका प्रवाहाच्या जातीत थोडा आणि माणूस व वीज यांच्यामध्ये काय आहे यात फार मोठा असतो.

भांडण एडिसन हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातले एडिसन गळून पडले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात एसीचे दिवे झळकले. पण बॅटरीच्या पोटात एसी साठवता येत नाही. बॅटरी चार्ज करायला डीसीच लागते. हरलेल्या एडिसनच्या प्रवाहाला इथे जागा उरली होती.

दहा वर्षांची बॅटरी

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि फक्त ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलची मोटार सुरू करायला पुढचा दांडा हाताने फिरवावा लागे. तो उलटा फिरला की मनगटाचे हाड मोडे. विजेची मोटार शांत होती, धूर नव्हता, दांडा नव्हता. तिचे दुखणे एकच होते, बॅटरी. शिशाची बॅटरी जड, लवकर खराब होणारी आणि आम्लाने आजूबाजूचे सगळे खाणारी होती.

१८९९ च्या सुमारास एडिसनने ठरवले की आम्ल नको आणि शिसेही नको. त्याने आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे अल्कली द्रावण घेतले. हजारो प्रयोगांनंतर एका पट्टीसाठी निकेलचे संयुग आणि दुसरीसाठी लोखंड ठरले. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर त्याच दिशेने काम करत होता, त्याच्या वाटेने पुढे निकेल-कॅडमियम बॅटरी आली. १९०१ मध्ये एडिसनने बॅटरीची वेगळी कंपनी काढली आणि १९०३ मध्ये नवी बॅटरी विक्रीला आणली. वर्तमानपत्रांतून मोठा गाजावाजा झाला.

थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. डबे गळत होते. काही घटांची साठवणूक भराभर उतरत होती. १९०४ च्या अखेरीस एडिसनने उत्पादन थांबवले आणि सदोष बॅटऱ्या परत घेतल्या. विकलेली वस्तू परत घेणे त्या काळच्या उद्योगात नेहमीचे नव्हते. खर्च त्याने स्वतः सोसला आणि पुन्हा प्रयोगाच्या टेबलापाशी गेला.

त्याच वर्षी त्याच्या प्रयोगशाळेवर आणखी एक आघात झाला. क्लॅरन्स डॅली हा त्याचा काच फुंकणारा सहायक होता. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर १८९६ मध्ये एडिसनने क्ष-किरणांचे चित्र थेट पाहण्याचे साधन, फ्लुओरोस्कोप, बनवले. त्याच्या चाचण्यांसाठी डॅली रोज स्वतःचे हात किरणांखाली धरत असे. आधी हात भाजल्यासारखे झाले, मग जखमा भरेनाशा झाल्या, मग कर्करोग झाला. हात कापावे लागले. ऑक्टोबर १९०४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले. नवे साधन किती काम करते हे लगेच दिसते. ते शरीराचे काय करते हे कळायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्या सर्वांत जवळ असलेला माणूस किंमत मोजतो.

बॅटरीचे काम चालूच राहिले. निकेलच्या संयुगात वीज नीट वाहावी म्हणून निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे घातले गेले. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले की बॅटरी जास्त टिकते, हेही सापडले. आजच्या लिथियम-आयन बॅटरीशी याचे नाते नावापुरतेच आहे, त्यातले रसायन अगदी वेगळे. तयार घट वाहनांत घालून खडबडीत रस्त्यांवर पळवले गेले, वरच्या मजल्यांवरून खाली टाकून पाहिले गेले. १९०९-१० मध्ये सुधारलेली बॅटरी बाजारात आली. ती महाग होती, थंडीत मंदावत असे आणि तिच्यात अधूनमधून पाणी घालावे लागे. पण टिकाऊपणात तिला तोड नव्हती, तिचे काही घट अनेक दशके चालले. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या मोटारीने एका चाचणीत एकदा चार्ज करून सुमारे ३४० किलोमीटर मजल मारली. रोजच्या वापरात आकडा अर्थातच बराच कमी असे.

पाऱ्याचा निळा उजेड

बॅटरी झाली. पण ती घरी भरायची कशी? शहरांत एसी पसरत होती आणि बॅटरीला डीसी हवी होती. मध्ये कुणीतरी दुभाष्या हवा होता. तो पीटर कूपर ह्यूइट या दुसऱ्याच संशोधकाने शोधला, त्याचे नाव मर्क्युरी आर्क रेक्टिफायर. काचेच्या मोठ्या फुग्यात पारा असे. वीज लावून फुगा किंचित कलंडवला की पाऱ्यातून ठिणगी पेटे, फुगा निळसर उजेडाने भरून जाई आणि एसीची डीसी होई. दगडी पाटीवर बसवलेले हे यंत्र श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये उभे असे. त्या काळच्या जाहिरातींत मोटारीशेजारी उभी राहून हे यंत्र हाताळणाऱ्या स्त्रिया दिसतात. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिच्याकडेही डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती, नवऱ्याचा पेट्रोल मोटारींचा कारखाना असूनही.

ही घरगुती चार्जिंगची सुरुवातीच्या काळातली साधने. आज ती पाहून डॉक्टर दचकतील. दगडी पाटीवर विजेचे खटके उघडे असत, हात लागण्याच्या अंतरावर. काच फुटली तर पाऱ्याची वाफ बंद गॅरेजमध्ये पसरणार. ती श्वासातून फुप्फुसांत आणि तिथून मेंदूपर्यंत जाते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो, तोही हवा न खेळणाऱ्या जागेत साठणार. यंत्र वापरायला शिकावे लागे आणि शिकवायला घरात कुणी नसे.

या वायूने एडिसनला एक मोठा धक्का दिला. पाणबुडीत समुद्राचे पाणी शिशाच्या बॅटरीतल्या आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन तयार होतो. एडिसनच्या बॅटरीत आम्लच नव्हते, म्हणून ती नाविकांसाठी सुरक्षित ठरेल असा त्याचा दावा होता आणि तेवढ्यापुरता तो बरोबरही होता. अमेरिकी नौदलाच्या ई-२ या पाणबुडीत ती बसवली गेली. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या गोदीत पाणबुडी उभी असताना साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. आत काम करणारी काही माणसे मेली, काही जखमी झाली. एडिसनच्या माणसांनी आत हवा खेळती नव्हती याकडे बोट दाखवले. नौदलाने बॅटरीकडे दाखवले. मेलेल्यांना त्या वादाचा उपयोग नव्हता. एक धोका काढून टाकला म्हणून वस्तू सुरक्षित होत नाही. ती जिथे बसवली, जिथे चार्ज केली, ती जागाही तिचाच भाग असते.

खाणीत यश, घरात अपयश

याच्या उलट उदाहरणही एडिसनच्याच बॅटरीचे आहे. कोळशाच्या खाणीत ज्योतीच्या दिव्यामुळे मिथेन वायू पेटून शेकडो माणसे मरत. एडिसनने कमरेला बॅटरी आणि टोपीला दिवा अशी जोडणी तयार केली. ती १९१५ च्या सुमारास अमेरिकी खाणींत मान्यता पावली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पाळी संपली की खाणकामगार दिवा खाणीवरच्या दिवाखोलीत परत देई. तिथे रांगेने लावलेल्या जागांवर रात्रभर बॅटऱ्या भरल्या जात. काम जाणणारी माणसे त्या तपासत. बॅटरी तीच, रसायन तेच. फरक चार्जिंगच्या व्यवस्थेत होता.

मालवाहू विजेच्या गाड्याही अशाच कंपनीच्या आवारात चार्ज होत आणि त्या बरीच वर्षे टिकल्या. घरातली विजेची मोटार मात्र मागे पडली. कारणे अनेक होती. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ मध्ये पेट्रोल मोटारीला बटण दाबून सुरू करणारा स्टार्टर मिळाला आणि हात मोडणारा दांडा गेला. गंमत अशी, की त्या स्टार्टरला वीज पुरवत होती ती शिशाची बॅटरी, जिला हटवण्यासाठी एडिसनने दहा वर्षे घालवली होती. पेट्रोल स्वस्त होते आणि खेडोपाडी मिळू लागले होते. खेड्यांत वीज मात्र पोहोचलेली नव्हती. १९१४ मध्ये फोर्ड आणि एडिसन या दोन मित्रांनी मिळून स्वस्त विजेची मोटार काढण्याचा घाट घातला, तोही तडीस गेला नाही.

दिव्याच्या वेळी एडिसनने वीजघरापासून कळीपर्यंत सगळी साखळी स्वतः बांधली होती. मोटारीच्या वेळी त्याने बॅटरी उत्तम बांधली, पण भिंत आणि मोटार यांच्यामधली शेवटची कडी इतरांच्या हाती राहिली. ती महाग, नाजूक आणि धोक्याची राहिली.

एडिसनला अनेक वर्षे मधुमेह होता. इन्सुलिन १९२२ मध्ये उपचारात आले, तोवर तो पंचाहत्तरीला पोहोचला होता. अखेरच्या काळात मूत्रपिंडांचा विकार बळावला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंजमधल्या ग्लेनमाँट या आपल्या घरी, वयाच्या ८४ व्या वर्षी तो मरण पावला. तीन दिवसांनी, त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी रात्री अमेरिकेत अनेक ठिकाणी काही क्षण दिवे मालवून त्याला निरोप दिला गेला.

आजची पेटी काय करते

आता ती शेवटची कडी जोडली गेली आहे. मोटारीसाठी भिंतीवर बसवतात ती पेटी खरे पाहता बॅटरी भरतच नाही. एसीची डीसी करणारा चार्जर मोटारीच्या आत असतो. पेटीचे काम पहारेकऱ्याचे. प्लग मोटारीत घातला की पेटी आणि मोटार एका बारीक तारेतून एकमेकींशी संकेतांनी बोलतात. जोडणी नीट आहे, अर्थिंग आहे, अशी खात्री पटल्यावरच पेटीतला खटका लागतो आणि केबलमध्ये वीज येते. प्लग ओढला की आधी वीज तुटते. स्कूटरचा चार्जर बहुधा सुटा असतो आणि एसीची डीसी तो स्वतःच करतो, पाऱ्याच्या फुग्याचे काम आता मुठीएवढ्या भागात होते.

पण पहारेकरी कितीही हुशार असला तरी त्याच्या मागची भिंत पक्की हवी. पाण्याच्या गीझरला आठ-नऊ अँपिअर लागतात, तेही पंधरा-वीस मिनिटे. मोटार साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर चौदा-पंधरा अँपिअर आठ-आठ तास वाहतात. मोठ्या पेटीला ३२ अँपिअर लागतात. सॉकेटची पकड ढिली असेल, तार बारीक असेल किंवा मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड असेल, तर तो जोड तासन् तास तापत राहतो. फ्यूजच्या किंवा एमसीबीच्या मर्यादेत प्रवाह असल्याने ते गप्प राहतात. म्हणून चार्जिंगसाठी मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तार हवी आणि काम परवानाधारक वायरमननेच केलेले हवे.

दुसरी गोष्ट त्या उधळलेल्या घोड्यांची. ओल्या हाताने माणूस २३० व्होल्टच्या तारेला चिकटला आणि शरीराचा अडथळा हजार ओहम धरला, तर सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह त्याच्यातून जाईल. सोळा अँपिअरच्या एमसीबीला हे जाणवतही नाही. हृदय थरथरायला मात्र याहून कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी आरसीसीबी हवा. गेलेली आणि परतलेली वीज तो सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच निमिषात वीज तोडतो. मोटारीच्या पेटीला कोणत्या प्रकारचा आरसीसीबी लागतो, हे पेटीच्या माहितीपत्रकात दिलेले असते, तोच घ्यावा. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही तर तो बदलावा.

तिसरी गोष्ट जागेची, ई-२ पाणबुडीने शिकवलेली. आजच्या लिथियम बॅटरीतून चार्ज होताना एरवी हायड्रोजन सुटत नाही, पण ती बिघडून पेटली तर विषारी धूर फार वेगाने पसरतो. स्कूटरची काढता येणारी बॅटरी पलंगाशेजारी, दाराच्या वाटेत किंवा जिन्याखाली चार्ज करू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. मूळ चार्जरच वापरावा. फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी दाखवून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

आणि तरीही कुणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. धाव घेऊन मिठी मारणारा दुसरा बळी ठरतो. वीज तुटल्यावर माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. झटका बसून उठून बसलेल्या माणसालाही छातीत धडधड, भोवळ किंवा भाजल्याची खूण असेल, तर रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

एडिसनने १८८२ मध्ये घरात वीज आणली तेव्हा तिच्यासोबत फ्यूजही आणला होता. घरात मोटार चार्ज करायला घेताना त्याच्या कामातला हा भाग आधी उचलावा. मोटारीच्या किमतीपुढे स्वतंत्र तार, अर्थिंग आणि आरसीसीबी यांचा खर्च फार थोडा असतो.